खुनी कोण ते कळल्यानंतर

माळ्यावरून कूलर खाली आला की आमच्या घरात उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. यंदा तो मार्चच्या दुसऱ्याच आठवड्यात उतरवावा लागला. जुना वाळा काढून टाकला, नवा बसवला, नळाला पाणी यायचा दिवस होता म्हणून टाकीही लगेच भरून घेतली. पहिली ओली झुळूक खोलीत शिरली आणि त्या वाळ्याच्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा जसाच्या तसा समोर येऊन बसला. पलंगावर काळा चष्मा लावून बसलेली गौराआत्या, खाली सतरंजीवर नववीच्या गणिताच्या पेपरांचे गठ्ठे, आणि मधे उघडी पडलेली एक जुनी रहस्यकथा.

गौराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कानडी सीमेवरच्या मैंदर्गी गावात दिलेली. सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ. शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही कानडीतून, त्यामुळे कानडी घडाघडा वाचायची आणि मराठी अक्षरं बोटानं चाचपडत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा तिचा मुलगा शिवानंद तिला आमच्याकडे सोलापुरात सोडून गेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं महिन्यानं करायचं ठरलं. म्हणून मधला महिना ती आमच्याकडेच राहिली.

डॉक्टरांनी सांगितलेलं, चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही, टीव्हीकडे टक लावायची नाही. ज्या बाईनं जन्मभर सकाळी उठून टोपलंभर भाकऱ्या थापल्या तिला हे कसं जमावं? तिचे हात मोकळे राहीनात. चादरीचं टोक घ्यायची, गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"इद्या, काय वाचूलालीस ग?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं. माझं नाव विद्या, पण मैंदर्गीत मी इद्याच.

"पेपर तपासतेय आत्या. नववीचे."

"मोट्यानं वाच की. मला बी ऐकू दे."

मी वाचलं. एका आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा तीननं जास्त आहे वगैरे. तिनं दोन गणितं मन लावून ऐकली. मग म्हणाली, "ह्यात माणसं कुटं हायत?"

मग माणसं असलेलं काहीतरी शोधायला मी उठले. घरातली बरीचशी पुस्तकं मुलीच्या अभ्यासाची. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत हे एक सापडलं. लाल रेक्झिनची बांधणी, कुठल्याशा वाचनालयानं मोडीत काढलेलं, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव असलेली पहिली पानं गळून गेलेली. मी दहावीत असताना आई नव्या पेठेत ब्लाउजपीस बघत होती, तेव्हा दुकानाबाहेरच्या हातगाडीवरून हे उचललं होतं. बीजगणिताच्या पेपरच्या आधीची दुपार. प्रमेयांच्या वहीत लपवून एका बैठकीत संपवलं. संपवलं म्हणजे काय, खुनी कोण या एका प्रश्नामागं धावत सुटले, वर्णनं गाळली, बंगल्याची पानंच्या पानं उलटली. शेवटच्या प्रकरणात उत्तर मिळालं, मी पुस्तक मिटलं आणि परत कधी उघडलं नाही. उत्तर कळलेलं कोडं कशाला सोडवायचं?

गंमत म्हणजे मी स्वतः गणिताची बाई. मुलांना रोज सांगते, नुसतं उत्तर लिहिलंत तर एक मार्क, पायऱ्या लिहा. आणि वाचताना मात्र मी नुसतं उत्तर घेऊन पळाले होते.

गोष्ट तशी साधी होती. एका तालुक्याच्या गावी कापसाचे व्यापारी दादासाहेब. मोठा बंगला, घरात एक पुतण्या, एक कारकून, सोनाबाई नावाची स्वयंपाकीण. एका सकाळी नवीन वकील पहिल्यांदाच भेटायला येतात. त्याच संध्याकाळी दादासाहेब आपल्या खोलीत मरून पडलेले सापडतात. सोनाबाई त्या वेळी कुठं होती ते सांगत नाही. विचारलं की पदराला हात पुसते, कधी म्हणते विहिरीवर होते, कधी म्हणते देवळात. वाचणाऱ्याला वाटतं हीच. शेवटी कळतं, खून वकिलानं केला.

मला हे सगळं ठाऊक होतं, आत्याला काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी जेवणं झाली की पडदे ओढायचे, कूलर लावायचा आणि वाचायला बसायचं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. डांबर मऊ झालेलं. वीज गेली की कूलर थांबायचा आणि मग पलीकडच्या गल्लीतले यंत्रमागही थांबले आहेत हे त्या अचानक आलेल्या शांततेवरून कळायचं. मी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत वाचत राहायची.

मला वाटलं होतं, कंटाळा येईल. आला नाही. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली आणि मी चकित झाले. दादासाहेब जिवंत होते! सोळाव्या वर्षी वाचताना ते माझ्या लेखी मढंच होते, केव्हा पडतंय आणि केव्हा तपास सुरू होतोय याची मी वाट पाहत होते. आता मात्र ते सकाळी उठून झोपाळ्यावर बसले, कारकुनाला त्याच्या बायकोचं दुखणं विचारलं, पपईची फोड मागून घेतली, आणि मला कळलं की या माणसाजवळ एवढीच एक सकाळ आहे. मी हळू वाचायला लागले. लेखकानं त्यांना डाव्या कानानं बहिरं केलं होतं. घरातले सगळे उजवीकडून बोलायचे. त्यांना पेरूच्या झाडाचा फार अभिमान होता आणि ते प्रत्येकाला तेच तेच सांगायचे. हे सगळं मी पूर्वी वाचलंच नव्हतं. डोळ्यांखालून गेलं होतं, वाचलं नव्हतं.

आत्या मात्र खुन्यामागं धावत होती. "ती सोनाबाईच," ती पाचव्या दिवशी म्हणाली. "खोटं बोलूलाली बग ती."

मला मनात गुदगुल्या. सोनाबाईचं बोलणं आलं की मी आवाज अजून बारीक करायची, चोरटा करायची.

सोनाबाईचं रहस्य शेवटून दुसऱ्या प्रकरणात उलगडतं. ती रोज संध्याकाळी मागच्या खोलीत कारकुनाकडून अक्षरं गिरवायला शिकत असते. पन्नाशीची बाई पाटीवर ग म भ न काढते, हे लोकांना कळलं तर हसतील, म्हणून ती खुनाचा आळ यायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही. ते वाचून झालं तेव्हा आत्यानं हातातलं चादरीचं टोक सोडून दिलं. पुढं वकील पकडला गेला, पुस्तक संपलं. आत्यानं चष्म्याखालून डोळ्यात थेंब घालून घेतले आणि आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "आत्या, शेजारच्या लक्ष्मीबाईंकडं भक्तीची पुस्तकं आहेत. आणू का?"

"नगं. तेच पैल्यापासून वाच."

"तेच? पण आता कळलं ना कोण ते."

"कोण ते कळलं ग," ती उठून बसली. "मी कशी फसले ते न्हाय कळलं."

त्या वाक्यावर मी अजूनही विचार करते. रहस्यकथा दुसऱ्यांदा का वाचावी याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तर दुसरं वाचन. आता आम्ही दोघीही जाणत्या. वाचणारी आणि ऐकणारी, दोघी लेखकाच्या पाठीमागं उभ्या राहून त्याच्या हातांकडं बघत होतो. काय सफाई होती त्या माणसाची! कुठंही खोटं बोललेला नव्हता. "वकीलसाहेब त्या संध्याकाळी खूप दमलेले दिसत होते" असं त्यानं सरळ लिहिलं होतं. आपापल्या पहिल्या खेपेला आम्हा दोघींना वाटलं, प्रवासानं दमले असतील. सोनाबाई पदराला हात पुसते, तेही खरंच. हाताला पाटीवरच्या पेन्सिलीची पांढरी भुकटी लागलेली असायची म्हणून. "पांढरट हात" हे शब्दसुद्धा तिथं होते, आम्ही दोघींनी ते पीठ समजून सोडून दिले होते. एक-एक वाक्य दोन्ही बाजूंनी शिवलेलं. उलटी बाजू बघायला कुणीतरी परत येईल असा भरवसा ठेवूनच त्यानं ते शिवलं असणार. तो कोण होता, कुठल्या गावचा, आम्हाला नावही ठाऊक नाही. पण त्या महिन्यात तो आमच्या घरातलाच झाला होता. आत्या त्याला "ह्यो बाबा" म्हणायची. "ह्यो बाबा लई हुशार हाय बग."

एका दुपारी मी दुसरं प्रकरण वाचत होते. वकील पहिल्यांदाच बंगल्यात येतात, नमस्कार होतात, आणि "वकिलांनी झोपाळ्याच्या उजव्या अंगाची खुर्ची ओढली व ते बसले." मी पुढच्या वाक्यावर गेलेही होते.

"थांब!" आत्या म्हणाली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"उजव्या अंगाला का बसला तो?"

"असेल तिथं खुर्ची."

"तसं न्हवं. म्हाताऱ्याचा डावा कान गेलेला. घरची माणसं उजव्या अंगाला बसत्यात, त्यास्नी ठावं हाय म्हणून. ह्यो तर पैल्यांदाच आलाय म्हणतोय. ह्याला कुणी सांगितलं?"

मी पुस्तक खाली ठेवलं. हे तिलाच दिसणार होतं. तिचा उजवा डोळा नवा झाला होता, डाव्यासमोर अजून धुकं होतं. लक्ष्मीबाई रोज येणाऱ्या, त्या बरोबर उजवीकडं पलंगावर टेकायच्या. चौकशीला येणारे नवखे लोक डावीकडं बसायचे आणि आत्याला मान वळवून वळवून त्यांना शोधावं लागायचं. कुठं बसायचं हे माणसाला ओळखीशिवाय कळत नाही.

मी घाईघाईनं शेवटचं प्रकरण उघडलं. तपास करणारा फौजदार तिथं सगळे पुरावे एकेक करून मांडतो. शाई, जोड्यांचे ठसे, मृत्युपत्र. खुर्चीचा उल्लेख कुठंच नाही. लेखकानं ते वाक्य लिहिलं आणि कुणालाही न सांगता तसंच सोडून दिलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते कधीच मिळणार नव्हतं. किती वर्षं ते तिथं पडून होतं कुणास ठाऊक, आणि मराठी अक्षरं चाचपडत वाचणाऱ्या एका बाईनं ते आमच्या सोलापूरच्या घरात, भर उन्हात, उचललं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आत्या नुसती हसली, दात नसलेलं सगळं तोंड भरून.

आणखी चार-पाच दिवसांनी आम्ही सोनाबाईपाशी आलो. फौजदार तिला दटावतोय, ती म्हणते विहिरीवर होते, सगळ्यांना कळतं की खोटं आहे. मी वाचत होते. या वेळी आवाज बारीक न करता.

आत्यानं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तवा तू हिचं लई चोरटं वाचलीस. मला फसवायला."

"हो आत्या. मजा म्हणून."

"व्हय." तिनं चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाली, "आपली महादेवी बी अशीच म्हणली होती की. मी आत गेलेच न्हाय म्हणून."

मी पुस्तकात बोट घालून तशीच राहिले.

महादेवीकाकू म्हणजे आत्याची धाकटी जाऊ. मैंदर्गीच्या घरात दोघी एकत्र नांदत होत्या. त्या उन्हाळ्याच्या बावीस वर्षं आधी शिवानंदचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि आत्याची बोरमाळ मधल्या खोलीतल्या कपाटातून गेली. तिच्या आईनं घातलेली, सोन्याच्या मण्यांची. शोधाशोध झाली. कोण-कोण आत गेलं होतं याची विचारणा झाली. महादेवीकाकू म्हणाल्या, मी गेलेच नाही. आणि एका मुलीनं भर माजघरात सांगितलं, मी काकूंना आतून येताना बघितलं.

ती मुलगी मी. तेव्हा बावीस-तेवीसची, नुकतं बी.एड.ला प्रवेश घेतलेली, खरं बोलायचं असतं असं ठाम मानणारी. मी खोटं बोललेच नव्हते. बघितलं तेच सांगितलं. पण त्या एका वाक्यानंतर कुणाला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. काकू खोटं बोलल्या, म्हणजे काकूंनीच घेतली. बोरमाळ सापडली नाही. लग्न कसंबसं पार पडलं. महिन्याभरात काका-काकू घर सोडून मंद्रूपला काकूंच्या माहेरच्या शेतावर राहायला गेले. दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. चार वर्षांपूर्वी काका वारले तेव्हाही आत्या गेली नव्हती.

"तू काय बगितलीस त्या दिवशी?" आत्यानं विचारलं.

"तुला ठाऊक आहे की. काकू मधल्या खोलीतून येत होत्या."

"तसं नगं. ह्या पुस्तकातल्यागत सांग. कशी येत होती? हातात काय होतं?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. मधल्या खोलीचं दार, त्याला लावलेला हिरवा पडदा. पडदा बाजूला झाला. काकूंनी नवं इरकल नेसलेलं, गर्द जांभळं. उजवा हात वर, डोक्यामागं. अबोलीचा वळेसर नीट खोचत होत्या. दुसऱ्या हातानं पदर सारखा करत होत्या. आणि चेहऱ्यावर... मी थबकले. चेहऱ्यावर हसू होतं. स्वतःशीच. मला बघितल्यावर ते एकदम पुसलं गेलं.

मी तसंच सांगितलं. आत्या ऐकत होती. तिचा नवा डोळा पाणावलेला होता, पण तो थेंबांमुळंही असेल.

"वळेसर नीट करत आली?"

"हो."

"हसत?"

"हो."

"चोरी करून येणारी बाई फुलं नीट करत येती व्हय?" ती चादरीचं टोक गुंडाळायला लागली. "त्या कपाटाला आरसा होता, इद्या. उभा. साऱ्या घरात अंगभर दिसंल असा आरसा तेवडाच. बाकी आमची दाढीची आरशी, नाक दिसलं तर कपाळ दिसत न्हाय. तिला नवं इरकल घेतलं होतं त्या लग्नात. लगीन होऊन सोळा वर्सं झाली होती, पैलंच भारी लुगडं." ती थांबली. "ती आरशात बगायला गेली होती ग. आनि कसं सांगणार? घरात पन्नास पावणे. सासूबाई म्हणल्या असत्या, पोराच्या हळदीला सून आरशापुडं नटत बसली."

कूलर चालू होता, तरी खोलीत फार उकडतंय असं मला वाटलं. पुस्तक मी त्या दिवशी तिथंच मिटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी या गोष्टीशी झटत राहिले. पेपर तपासताना, भाजी निवडताना. आठवणसुद्धा आपण एकदाच वाचतो, तीही त्या सोळाव्या वर्षाच्या मुलीसारखी, उत्तराकडं धावत. उत्तर मिळालं की मिटून ट्रंकेत टाकतो. त्यात अबोलीचा वळेसर होता, हसू होतं, आणि ते मीच पाहिलेलं होतं. कुणी लपवलं नव्हतं. मग मला ते दिसायला दुसऱ्याच एका पुस्तकातल्या सोनाबाईची वाट का बघावी लागली?

बोरमाळ कुणी नेली हेही कधी कळलं नाही. कादंबरीला शेवटचं प्रकरण असतं, फौजदार सगळ्यांना बैठकीत बोलावतो. आमच्या बोरमाळेला तसं काही मिळालं नाही. मी एकदा आत्याला म्हटलं, मग घेतली कोणी असेल? ती म्हणाली, "ज्यानं घेतली त्यानं घेतली. महादेवीनं न्हाय, एवडं मला पुरं."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता गावी जा. आत्यानं मला सांगितलं, "आदी मंद्रूपला चल."

आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. काकूंचं घर गावाबाहेर, शेताच्या कडेला. दारात लिंबाखाली चार शेळ्या, पलीकडं ज्वारी काढून मोकळं झालेलं काळं रान. काकू सुपात तूर पाखडत होत्या. केस सगळे पांढरे झालेले. आम्हाला बघितलं आणि सूप हातातच राहिलं.

"बा," त्या कानडीतून म्हणाल्या, ये. मग मराठीत, "बसा अक्का." थोरल्या जावेला त्या पहिल्यापासून अक्का म्हणायच्या. त्यांनी पाणी आणून ठेवलं, गूळ ठेवला, आणि स्वतः लांब उंबऱ्यापाशी बसल्या.

आत्यानं पाणी घेतलं नाही. "महादेवी, तू आरशात बगायला गेली होतीस व्हय?"

काकू उंबऱ्यावर बोट फिरवत राहिल्या. एक शेळी ओरडली. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या. हसता हसताच रडायला लागल्या.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. इद्याला आटवलं, तू फुलं नीट करत होतीस."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी घरून निघताना पुष्कळ शब्द जुळवून आणले होते. "काकू, मी अर्धंच सांगितलं," एवढंच म्हणाले.

"तू खरंच सांगितलीस की," त्या म्हणाल्या. "पुडचं कुणी इचारलं न्हाय. मी बी आदी न्हाय म्हणून बसले, मग आरशाचं सांगून कोण ऐकणार? ह्यास्नी तेवडं सांगितलं होतं. ते म्हणले, मला ठावं हाय, चल आपण जाऊ हितनं." काका गेले त्या दिशेला पाहावं तसं त्यांनी रानाकडं पाहिलं. "आज असते तर बरं वाटलं असतं त्यास्नी."

आत्या हात जोडायला गेली. काकूंनी तिचे हात धरले नाहीत, अडवलेही नाहीत.

"हितं शेळ्यांपुडं हात जोडून काय उपेग, अक्का? जितं चोर म्हणलाव तितं सांगा."

त्यांनी आम्हाला जेवू घातलं. गरम भाकरी, शेंगाची चटणी, ताक. आमच्याबरोबर त्या जेवल्या नाहीत. निघताना आत्यानं सांगितलं, शिवानंदच्या मुलीचा साखरपुडा मे महिन्यात आहे, मैंदर्गीला, त्याच घरात. काकू म्हणाल्या, "बगू."

आत्या येताना एसटीत खिडकीपाशी बसली होती. दोन्ही डोळ्यांनी बाहेरचं सगळं बघत, पाट्या वाचत. मराठी पाट्या, एकेक अक्षर जुळवत. त्या वेळी मला वाटलं, सांगणार नाही ही. पाहुण्यांपुढं, होणाऱ्या व्याह्यांपुढं, स्वतःच्या घराची लक्तरं कोण काढतं?

साखरपुड्याला काकू आल्या. एकट्याच. मांडवाच्या कडेला बसल्या. गर्दी सगळी मैंदर्गीची, ओळखीची, बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. विधी झाले, पंगत बसली. काकूही बसल्या, पण पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, वाढून झाली तरी हात मांडीवरच होते. आत्यानं ते पाहिलं. ती वाढप्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"जरा ऐका. जेवायच्या आदी एक सांगायचं हाय."

शिवानंद पुढं झाला. "आई, आता कशाला..."

"तू गप बस." मग ती मोठ्यानं, आधी मराठीत आणि मग तेच कानडीत बोलली, कुणाला कळलं नाही असं व्हायला नको म्हणून. बोरमाळ महादेवीनं घेतली नव्हती. मी तिला चोर म्हणाले ते खोटं होतं. ती त्या खोलीत आरशात बघायला गेली होती. एवढंच. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की मीच तेव्हा सांगितलं होतं आणि निम्मं सांगितलं होतं, त्यांच्या हातात वळेसराशिवाय काही नव्हतं. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, उगाच करडा. एक म्हातारे पाहुणे खाकरले. होणाऱ्या व्याह्यांनी पानाकडं नजर लावली.

काकूंनी सावकाश पानाभोवती पाणी फिरवलं. एक घास घेतला. बावीस वर्षांनी त्या घरातला पहिला घास. चावून गिळला. मग मान वर करून आत्याकडं बघितलं आणि पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अक्का, नुसतीच हुग्गी वाढलाव की. तूप कुटं हाय?"

आणि आत्या, सत्तरी ओलांडलेली माझी आत्या, दोन्ही हातांनी निऱ्या धरून स्वयंपाकघराकडं पळाली.